पौर्णिमाच्या गरम गोळ्या

कटंगीच्या बाजारात एखाद्याचं नाक सरळ दिसलं की मैनाबाई सोबतच्या बाईला कोपरानं ढोसायची आणि सांगायची, हे नाक माझ्या हातचं आहे. नाक वाकडं असलं तर ते बापाच्या घराण्यातून आलेलं असायचं, त्याला ती बिचारी काय करणार. मोहल्ल्यातलं एकूण एक लेकरू तिनं न्हाऊ घातलेलं होतं. पाटावर बसून ती दोन्ही पाय लांब करायची, लेकराला पायांवर टाकायची, आणि तेल चोळता चोळता त्याची टाळू, कणा, मांड्यांच्या वळ्या सगळं बोटांनी चाचपून घ्यायची. हे पोट्टं हट्टी निघणार, असं ती पाचव्या दिवशीच सांगून टाकायची. पोरं सगळीच हट्टी निघतात, त्यामुळे तिचं भाकीत कधी चुकलं नाही.

आंघोळ झाली की घुटी. हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग आणि आणखी दोन-चार वस्तू ती सहाणेवर दुधात उगाळायची आणि करंगळीनं लेकराच्या जिभेला लावायची. त्या दोन-चार वस्तू कोणत्या, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. पहिली घुटी ज्याच्या हातची त्याचा गुण लेकरात उतरतो, असं तिकडे मानतात. म्हणून की काय, त्या मोहल्ल्यात कमी बोलणारं माणूस औषधालाही सापडत नसे.

कमी बोलणारी एकच होती, ती मैनाबाईच्या घरात. तिची सून पौर्णिमा लांजीकडची, म्हणजे तिला घुटी देणारी कुणी दुसरीच. तिच्या अबोलपणाचा उलगडा मैनाबाईनं असा केला होता आणि तिला माफ करून टाकलं होतं. घरात तिसरा माणूस म्हणजे मुलगा गजेंद्र. तो कटंगी ते तुमसर जीप चालवायचा. नवरा कधीच देवाघरी गेला होता.

तर या तिघांच्या घरात दोन वर्षांपूर्वी एक पाहुणा येऊन बसला होता, ज्याचं नाव बाहेर सांगायची सोय नव्हती. गजेंद्रचा ताप उतरेना म्हणून त्याला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. त्याचं रक्त तपासलं, मग पौर्णिमाचंही तपासलं. दोघांनाही एचआयव्ही निघाला. मैनाबाईनं ते नाव कधी जिभेवर घेतलं नाही, ती नुसतं ‘ते’ म्हणायची. हे आलं कुठून, असं तिनं मुलाला एकदाच विचारलं. तो जमिनीकडे पाहत राहिला. तिनं त्याच्यापुढे जेवणाचं ताट सरकवलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. दोघांना सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी सुरू झाली. गजेंद्रच्या गालावर मांस चढलं, जीप पुन्हा धावू लागली, आणि गोळ्यांच्या बाटल्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर उदबत्तीच्या पुड्यांत दडून राहू लागल्या.

आता प्रश्न होता तो दर महिन्याच्या नागपूरवारीचा. शेजारच्या गोदाबाईचा एक डोळा सदा यांच्या दारावर. दर महिन्याला कुठं जाता म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मैनाबाईच्या तोंडून निघून गेलं की नागपूरजवळच्या कोराडीच्या देवीला जातो, सुनेच्या पोटी लेकरू यावं म्हणून. बोलून गेली आणि रात्रभर कूस बदलत राहिली. माणसाशी खोटं बोलावं लागतं, पण देवीचं नाव घालून बोलायचं म्हणजे फार झालं. यावर तिनंच तोड काढली. पुढच्या महिन्यात दवाखान्यातून औषध घेतल्यावर तिनं सुनेला थेट कोराडीच्या बसमध्ये बसवलं. खण-नारळ झाला, ओटी भरली, खोटं खरं झालं. तेव्हापासून दर महिन्याला आधी दवाखाना आणि मग देवी. पौर्णिमाचे पाय दुखून यायचे, पण ती काही बोलायची नाही.

आणि देवीनं ऐकलं म्हणा, नाहीतर दवाखान्यानं. पौर्णिमाला मूल हवं होतं. तिनं गुपचूप दवाखान्यातल्या काउन्सेलर सरिताताईंना विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं होतं की औषध नीट घेत राहिलीस तर होऊ दे. तिला दिवस गेले. मोहल्लाभर कोराडीच्या देवीचा जयजयकार झाला. गोदाबाई लगेच आपल्या सुनेला, ललिताला, पुढे करून उभी राहिली. पुढच्या खेपेला आम्हीही येतो म्हणाली. मैनाबाईला घाम फुटला. शेवटी तिनं एक वेगळाच मंगळवार काढून त्या दोघींना कोराडीला नेऊन आणलं. त्या दिवशी ती दवाखान्याच्या रस्त्याकडे मान वळवूनसुद्धा पाहीना.

खरी काळजी पुढे होती, आणि ती या गोळ्यांची. पोटुशीनं गरम खायचं नाही, हे मैनाबाईला कुणी शिकवायला नको होतं. पपई नाही, तीळ नाही, गूळ बेतानं. आणि या गोळ्या तर साफ गरम. गोळ्या सुरू झाल्या त्या महिन्यात गजेंद्रचं तोंड आलं होतं आणि पौर्णिमाला गरगरायचं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. एवढी आग पोटात गेली तर आतलं एवढंसं लेकरू होरपळणार नाही काय? गोळ्या बंद कर असं म्हणायची तिची छाती नव्हती, कारण गोळ्यांनीच मुलगा उभा केला होता. म्हणून तिनं मधला मार्ग काढला. सुनेला सकाळी धन्याचं पाणी, दुपारी सब्जा, आणि गोळ्यांना माठ.

माठ म्हणजे खरोखरचा माठ. घरात माठाखाली ओली रेती असते ना, त्या रेतीत तिनं रात्री गोळ्यांची बाटली पुरली. नुसती पुरली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण गारवा आत शिरावा म्हणून झाकण काढून वर ओलं फडकं बांधलं. सकाळी पौर्णिमा गोळी घ्यायला गेली तर बाटलीत गोळ्या नव्हत्याच. तळाला फुगलेला, ओला भुगा होता.

पौर्णिमानं ती बाटली सासूपुढे धरली. लग्न होऊन आल्यापासून तिचा आवाज कधी शेजारी गेला नव्हता, आणि त्या दिवशीही गेला नाही.

"आई, हे काय केलं?"

"थंड करून राह्यलो होतो माय. गरम जाते पोटात."

"गोळीच्या गरमीनं माझं लेकरू मरत नाई आई. गोळी चुकली त ते बिमारी त्याच्यात जाईन. तुमच्या पोरात हाये, माझ्यात हाये, आता त्याच्यात बी पाह्यजे काय?"

मैनाबाई चुलीपाशी बसली ती उठेना. तिथूनच तिनं विचारलं, "हे तुले कोणं सांगतलं?"

"सरिताताईनं."

"तिले किती लेकरं हायेत?"

"लगन नाई झालं अजून तिचं."

"हं," मैनाबाई म्हणाली. त्या ‘हं’मध्ये सगळं आलं.

दोघांच्या गोळ्या एकच होत्या, म्हणून त्या दिवसापुरतं गजेंद्रनं आपल्यातल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं सासू-सून तुमसरला आणि तिथून रेल्वेनं नागपूरला निघाल्या. मैनाबाई या वेळी खण-नारळ विसरली. तिला त्या बिनलग्नाच्या मुलीला दोन प्रश्न विचारायचे होते.

सरिताताई म्हणजे तिशीची, चष्मा लावणारी, जलद बोलणारी मुलगी. तिनं आधी तो भुगा पाहिला, मग मैनाबाईकडे पाहिलं, आणि ओठ दाबून धरले. हसू आलं होतं की राग, कळायला मार्ग नव्हता. औषधाची दुसरी बाटली मिळाली. औषध कोरडं ठेवायचं, माठ-बिठ काही नाही, आणि चुकवायचं तर मुळीच नाही, असं तिनं बजावलं.

मैनाबाईनं पदर खोचला. "ते झालं. आता मले सांगा, हे गोळ्या लेकराले बाधतात का नाई बाधत? खरं खरं सांगा."

सरिताताईंनी खुर्ची जवळ ओढली. गोळ्या घेतल्याच नाहीत, तर अशा आयांच्या तीन लेकरांमागे एकाला तरी ही बिमारी लागायचं भय असतं, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या नीट घेतल्या आणि पुढची काळजी घेतली, तर क्वचितच एखाद्याला लागते. मग त्यांनी आवाज न बदलता दुसरी बाजूही सांगितली. औषध म्हटलं की त्रास असतोच. या गोळ्यांनी आईचं रक्त कमी होऊ शकतं, काविळीवर आणि अंगावरच्या पुरळावर नजर ठेवावी लागते, म्हणून तर दर वेळी तपासायचं. लेकरू कधी वजनाला जरा हलकं होतं, त्याचंही रक्त थोडं कमी निघतं, पण ते भरून येतं. व्यंग म्हणाल, तर या गोळ्या खाणाऱ्या आयांच्या लेकरांत ते इतरांपेक्षा जास्त दिसलेलं नाही. एक वेगळी गोळी आहे जिच्याबद्दल अजून शंका आहे, ती पहिल्या महिन्यांत टाळतात. पौर्णिमाच्या गोळ्यांत ती नाही.

मैनाबाईला हे बोलणं आवडलं. बाजारात वांगी विकणारी बाई स्वतःहून म्हणाली की मावशी, यातली दोन किडकी निघतील, तर मैनाबाई तिच्याकडूनच वांगी घ्यायची. पण वांगी घेण्याआधी ती एखादं फोडून पाहायची, हेही खरं होतं.

"मंग दाखवा एक," ती म्हणाली.

"काय दाखवू?"

"लेकरू. अशा गोळ्या खाऊन झालेलं. मी हात लावून पाहतो."

सरिताताई गडबडल्या. तसं दाखवता येत नाही आजी, म्हणाल्या. इथं येणाऱ्या कुणाचं नाव आम्ही दुसऱ्याला सांगत नाही. तुमचंही कुणाला सांगितलं नाही, म्हणून तर तुमच्या गावात कुणाला माहीत नाही. आपलं झाकून ठेवलं ते चांगलं, मग दुसऱ्याचं उघडं करा असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? मैनाबाई उठून बाहेरच्या बाकावर येऊन बसली. पण हार मानली असती तर ती मैनाबाई कसली. कुणी दाखवत नसेल तर आपणच शोधू, असं तिनं ठरवलं.

बाकाच्या टोकाला एक माणूस गुटगुटीत पोराला घेऊन बसला होता. मैनाबाई सरकत सरकत तिथं पोचली. हात पुढे करून तिनं पोराला मांडीवर ओढलं, टाळू दाबली, कान मागे करून पाहिले, पायाचे घोटे वळवले. पोरगा दगडासारखा ठणठणीत. तिनं सुनेकडे पाहून मान डोलावली आणि त्या माणसाला हळूच म्हणाली, गोळ्या मानवल्या म्हणायच्या तुमच्या घरी. माणूस तिच्याकडे बघतच राहिला. तो भावाला भेटायला आला होता, भावाची तंगडी मोडली होती आणि हाडांचा वॉर्ड कुठं ते सापडेना म्हणून दम खायला बसला होता. कसल्या गोळ्या, त्याच्या घरी कुणाला साधा ताप नव्हता. पोराला त्यानं जरा झटक्यानंच परत घेतलं. पौर्णिमानं पदर तोंडावर ओढून घेतला. रडत असेल म्हणून मैनाबाईनं वाकून पाहिलं, तर ती हसत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

समोरच्या भिंतीला टेकून एक बाई उभी होती. सावळी, अंगावर निळं पातळ, कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. तिनं आतलं बोलणं दारातून ऐकलं असावं, कारण खोलीचं दार कधी नीट लागतच नसे. ती आली, आजूबाजूला एकदा पाहिलं, आणि मुलीला सरळ मैनाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"माझी हाये," ती हळू आवाजात म्हणाली. "पोटात होती तवा सगळे दिवस गोळ्या खाल्ल्या मी. हिले काही निघालं नाई. चांगली पाहून घ्या. मले तवा दाखवाले कोणी नव्हतं."

मैनाबाईचे हात क्षणभर हवेतच राहिले. मग ते आपोआप कामाला लागले. टाळू भरलेली. कणा सरळ, मानेपासून खालपर्यंत एक मणी इकडचा तिकडे नाही. हाताची पाची बोटं तिनं आपल्या अंगठ्यावर ठेवली, तर पोरीनं अंगठा असा आवळला की सोडेना. मग दुसऱ्या हातानं तिनं मैनाबाईच्या गळ्यातली तुळशीची माळ धरली आणि ओढली. मैनाबाई वाकत वाकत पोरीच्या नाकापर्यंत आली.

"बुढी," पोरगी तिच्या तोंडावर म्हणाली.

"जबान बी बराबर हाये," मैनाबाई म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. माळ सुटायला आणखी थोडा वेळ लागला. त्या बाईचं नाव-गाव काही तिनं विचारलं नाही, बाईनंही सांगितलं नाही. पोरीच्या गालावरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली, एवढंच.

कोराडीला त्या दिवशी उशीर झाला. खण-नारळ नव्हता म्हणून मैनाबाईनं देवीपुढे नुसतेच हात जोडले. काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही. पण परतताना ती तुमसरपर्यंत गप्प होती, यावरून काहीतरी मोठं मागितलं असणार.

त्यानंतर माठाखाली फक्त रेती राहिली. सकाळ-संध्याकाळ गोळीची वेळ झाली की पौर्णिमाच्या आधी मैनाबाईच आठवण करायची, इतकी की पौर्णिमाला वाटायचं, माठ परवडला. धन्याचं पाणी आणि सब्जा मात्र सुरूच राहिले. सरिताताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ते प्या खुशाल, त्यानं काही बिघडत नाही.

सातव्या महिन्यात सरिताताईंनी दुसरी एक गोष्ट सांगितली, आणि ती मैनाबाईला गोळ्यांहून कडू लागली. लेकरू झालं की त्याला रोज एक औषध द्यायचं, ते बालाघाटच्या दवाखान्यातही मिळेल, तिथं कळवून ठेवू. आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं दूध नाही, पाणी नाही, मधाचं बोट नाही. दुधाबरोबर दुसरं काही पोटात गेलं की कोवळ्या आतड्याला इजा होते आणि बिमारीला आत शिरायला वाट मिळते.

"अन् घुटी?" मैनाबाईनं विचारलं.

"घुटीही नाही आजी."

मैनाबाईनं आपली करंगळी दुसऱ्या हातात धरून ठेवली होती.

बालाघाटला पौर्णिमा बाळंत झाली. मुलगा. रंगानं बापावर, वजनाला जरा हलका, जसं सरिताताई म्हणाल्या होत्या तसाच. नर्सबाईनं नळीनं त्याच्या तोंडात ते औषध सोडलं. मैनाबाईनं आधी त्याचा वास घेऊ द्या म्हणून हट्ट धरला. तो घेऊ दिला, तर चवही पाहू द्या म्हणाली. नर्सबाईनं तिला बाहेर काढलं. दाराच्या फटीतून तिनं पाहिलं. लेकरानं तोंड वेडंवाकडं केलं, मग जीभ फिरवली, आणि झोपी गेलं. तापलं नाही, निळं पडलं नाही, अंगावर काही उठलं नाही. नंतर बोलावलं तेव्हा तिनं नातवाला डोक्यापासून टाचेपर्यंत दोनदा चाचपलं आणि नाव केदार ठेवायचं सांगितलं.

केदारची पाचवी आली. अंगण बायांनी भरलं. ज्या हातानं साऱ्या मोहल्ल्याला चाटवली, त्या हाताची घुटी आज त्या हाताच्या नातवाला मिळायची, हे पाहायला न्हालेल्या-धुतलेल्या बाया लुगडी नीट करून बसल्या होत्या. गोदाबाईनं न सांगता सहाण धुऊन आणली आणि पाटापुढे ठेवली. डब्यातला हिरडाही तिनंच काढला.

आत पौर्णिमा लेकराला छातीशी धरून बसली होती. तिनं फक्त सासूकडे पाहिलं.

मैनाबाईच्या डोक्यात झपाझप कारणं आली. देवीनं स्वप्नात येऊन मना केलं म्हणावं, तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. पण त्या देवीपुढे तिनं रिकाम्या हातांनी जे मागितलं होतं, ते अजून मिळायचं होतं, आणि तिला पुन्हा खोट्यात ओढायची मैनाबाईची हिंमत होईना. बरं, आपल्या एकट्या नातवाला घुटी नाही म्हटलं, तर याच लेकराला काहून नाही, हे गोदाबाई नखानं खरवडून काढल्याशिवाय राहिली नसती. मैनाबाई पाटावर बसली, उठली, पुन्हा बसली.

"घुटी नाई," ती म्हणाली.

"म्हंजे?" गोदाबाईनं विचारलं.

"सहा महिने नुसतं मायचं दूध. डाक्टर लोक सांगून राह्यले. माह्या नातवाले बी नाई, अन् आजपासून तुमच्या कोणाच्याच लेकराले मी घुटी देत नाई."

मग गोदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वा वं मैनाबाई. सारं आयुष्य दुसऱ्यायच्या लेकरायले चाटवत राह्यली, अन् आपल्यावर आलं त डाक्टर आठवला?"

"हौ. मले अक्कल आता येऊन राह्यली, त आता सांगतो. लवकर आली असती त लवकर सांगतलं असतं."

बाया हसल्या. म्हातारी नातू झाल्याबरोबर कंजूस झाली, एक म्हणाली. दुसरीनं पुस्ती जोडली की दोन-चार वस्तू कोणत्या, हेच बहुतेक विसरली असेल. मैनाबाईनं ऐकून घेतलं. तिनं सहाण उचलून देव्हाऱ्यात ठेवली आणि आता हिच्यावर चंदन उगाळू म्हणाली. गोळ्या गरम असतील-नसतील, पण त्या दिवशी तिच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

पुढचे काही महिने कठीण गेले. मोहल्ल्यातल्या दोन बाळंतिणी घुटीसाठी दुसऱ्या मोहल्ल्यातल्या दुर्गाबाईकडे जाऊ लागल्या. त्यांच्या लेकरांना आंघोळ घालताना मैनाबाईला त्यांच्या तोंडाला दुर्गाबाईच्या घुटीचा वास यायचा. वेखंड जास्त पडलंय, एवढं ती पुटपुटायची आणि तेल जरा जोरात चोळायची. पुढे ललिता बाळंत झाली, तिला मुलगी झाली. देवीनं कुणाचं कधी काय ऐकलं, ते देवीच जाणे. गोदाबाईनं नातीला दुर्गाबाईकडे नेलं नाही. त्याचं कारण तिनं सांगितलं नाही, आणि मैनाबाईनं विचारलं नाही.

केदार वाढत होता, पण घर श्वास धरून होतं. आईच्या रक्तातल्या खुणा लेकराच्या रक्तात कित्येक महिने राहतात, म्हणून अठरा महिन्यांचा झाल्यावरच पक्कं सांगता येईल, असं सरिताताईंनी सांगितलं होतं. तोवर केदार शिंकला तरी मैनाबाईचा जीव खालीवर व्हायचा. त्याच्या रोजच्या औषधाची बाटली ती मोहल्ल्यात टॉनिक म्हणून सांगायची. टॉनिकमुळे तो चावरा झाला, असं तिचं म्हणणं होतं. रात्री सगळे झोपले की ती त्याच्या अंगावर हात ठेवून बसायची. बोटांना सगळं ठीक लागायचं. पण रक्तातलं बोटांना कळत नाही, हे तिला आता ठाऊक झालं होतं.

मग तो दिवस आला. नागपूरच्या त्याच खोलीत, त्याच न लागणाऱ्या दारामागे, सरिताताईंनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"आजी, केदारला काही नाही."

मैनाबाईनं त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग तिनं विचारलं, गोळ्यांचंही काही राहिलं नाही ना त्याच्यात, डोक्यात, हातापायांत? सरिताताई म्हणाल्या, रक्त चांगलं आहे, वजन चांगलं आहे, बाकी तुम्हीच सांगा, रोज हात तुमचा फिरतो. केदार तोवर टेबलाखाली शिरून त्यांच्या चपलेचा बंद चावत होता. पौर्णिमानं त्याला ओढून काढलं, छातीशी धरलं, आणि तिचं ते बिनआवाजाचं रडणं कितीतरी वेळ थांबेना. मैनाबाई तिच्या पाठीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवत राहिली, लेकराला तेल लावावं तशी.

कोराडीला मोठा नारळ फुटला. येताना तुमसरला मैनाबाईनं पेढे घेतले, चांगले टोपलीभर. गजेंद्रनं म्हटलं, आई, वाटशील तर खरं, पण सांगशील काय? ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कटंगी येईपर्यंत ती जीपच्या खिडकीबाहेर पाहत विचार करत होती. गोड तर वाटायचं होतंच. इतका मोठा आनंद घरातल्या तीन माणसांच्या पोटात मावणारा नव्हता.

पेढा हातात घेऊन गोदाबाईनं आधी तो उलटसुलट पाहिला. "काहून वं? दुसरं बी आहे काय?"

"नाई वं. केदार अठरा महिन्यांचा झाला."

"अठरा महिन्यांचे कोणी पेढे वाटते काय?"

"आमच्यात वाटते," मैनाबाई म्हणाली.

"मंग गजेंद्रच्या वक्ताले नाई वाटले ते?"

"तवा विसरलो."

गोदाबाईनं पेढा खाल्ला. दुसरा मागितला, तोही मिळाला. तिच्या मनात काय आलं कोण जाणे, पण काही महिन्यांनी ती एका संध्याकाळी नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली. हातात पेढ्यांचं ताट, वर क्रोशाचा रुमाल, मागे ललिता मुलीला घेऊन. आज आमच्या नातीलाही अठरा महिने झाले, म्हणाली. आमच्यातही वाटतात. मोहल्ल्यात मग ते सुरूच झालं. पाचवी, बारसं, उष्टावण आणि अठरावा. बाहेरून आलेल्या सुना विचारायच्या, हे कुठलं नवीन? म्हाताऱ्या त्यांना सांगायच्या, नवीन नाही माय, आमच्याकडे पहिल्यापासून आहे.

मैनाबाई अशी प्रत्येक घरची बर्फी, पेढे, कधी नुसता गुळाचा खडा खात राहिली, आणि दर वेळी त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून त्याला मनापासून आशीर्वाद देत राहिली. का म्हणून, ते कुणी विचारलं नाही.